डिंक वाळेपर्यंत

बेळगावच्या आमच्या वडगावात दुखणं खरं की खोटं हे डॉक्टर ठरवत नव्हता, टाके ठरवत होते. ताप आला तर बाई काढा पिऊन विणायच्या मागाशी उभी राहायची. कंबर धरली तर पदर आवळून बांधायची आणि उभी राहायची. चक्कर आली तर शेजारीण म्हणायची, "उन्हाचं झालं आसंल गं, गूळ-पाणी घे." पण टाके पडले की सगळा कायदाच बदलायचा. टाके पडलेल्या बाईनं वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, मागाकडं तर फिरकायचंही नाही. टाका सुटला तर बोल कुणाला लागणार, ही धास्ती सासरच्यांना जखमेपेक्षा जास्त. नळावर पहिला सवाल ठरलेला, "टाकं किती पडलं?" आणि माहेर जवळपास असलं तर सासरचे स्वतः नेऊन सोडायचे, टाके काढेपर्यंत. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. टाके पडलेल्या बाईकडं गल्लीतल्या बायका ज्या नजरेनं बघायच्या, तिला मी बरीच वर्षं दया समजत होते. नंतर कळलं, हेवा होता तो.

ऐंशीनंतरची ही गोष्ट. पुढच्या खोलीत आमचे दोन पॉवरलूम होते, आणि घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, ही सवय आम्हाला त्यांनीच लावली. आप्पा, माझे वडील, माग चालवायचे. आई रहाटावर बारक्या नळ्यांना सूत गुंडाळून कांड्या भरायची, तुटलेले धागे जोडायची, मधे स्वयंपाक करायची. आणि आत्या राज्य करायची. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला म्हणून परत आली होती, आणि आप्पांना तिनंच वाढवलं, त्यामुळं आप्पांनी तिच्यापुढं कधी मान वर केली नाही. मी तेव्हा एका शाळेत तात्पुरती बाई होते. लग्न जमत नव्हतं. सावळी आहे म्हणून जमत नाही असं आई म्हणायची, तोंड फटकळ आहे म्हणून जमत नाही असं आत्या म्हणायची. आत्याचं बरोबर होतं.

आईचं माहेर खानापूरच्या पुढं, रानाला लागून. तिथं आता एकच माणूस उरलं होतं, तिची थोरली बहीण, माझी मावशी. आई तिला आक्का म्हणायची. आई लहान असतानाच त्यांची आई गेली, आणि हिला अंगाखांद्यावर वाढवलं ते आक्कानं. त्या धाकटीच्या पायी स्वतःचं लग्नही तिनं केलं नाही. त्या वर्षी शनिवारच्या बाजाराला आलेल्या तिच्या गावच्या माणसानं निरोप आणला, "आक्का हातरुणाला खिळलीया. तुझं नाव काढतीया सारखं. बघायचं आसंल तर लवकर ये."

आईनं आप्पांना सांगितलं. आप्पांनी आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "जा की. न्हाय कोण म्हणतंय? बीम तेवढं संपू दे."

बीम म्हणजे मागावर चढवलेला ताण्याचा, उभ्या सुताचा, मोठा रूळ. तो संपला की नवा चढवायचा, आणि मधला वेळ जेवढा कमी तेवढा मागवाला हुशार. आमच्या घरात हुशारी भरपूर होती. एक बीम उतरायच्या आत दुसरं दारात येऊन पडायचं. लग्नसराई तोंडावर, साड्यांची मागणी डोक्यावर. मी म्हटलं, "शाळेतनं आल्यावर कांड्या मी भरते." आत्या म्हणाली, "तुझी कांडी सैल. धोट्यात घातली की घसरतीया, निम्मं सूत वाया." खरं होतं ते, म्हणून मला जास्त राग आला. त्यानंतर बाजाराला आणखी एकदा निरोप आला, आणि त्या निरोपात 'लवकर' हा शब्दसुद्धा नव्हता, लवकर म्हणायची वेळही टळत आली होती. आईनं तो ऐकून घेतला आणि रहाट फिरवायला लागली.

आणि एका दुपारी धोटा उडाला. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडं पळणारा पॉवरलूमचा धोटा लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, आणि सुटला की गोफणीतला दगडच. आई शेजारच्या मागावर वाकून धागा जोडत होती. धोटा थेट तिच्या कपाळाला, डाव्या भुवईच्या वर. मी घरात होते. तिनं कपाळाला हात लावला, हात लाल झाला, तरी दुसऱ्या हातातला धागा तिनं जोडूनच सोडला. आत्यानं धावत येऊन हळदीची मूठ दाबली. हळदीनं भागेना म्हणून आप्पांनी चंचीतली तंबाखू लावली. निपाणीच्या तंबाखूवर आप्पांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांच्या मते जगातलं वाहणारं सगळं त्या तंबाखूनं थांबायचं. रक्त काही थांबलं नाही. शेवटी मी रिक्षा आणली.

रिक्षात आई पदर कपाळाला दाबून बसली होती. मला रडू येत होतं. शहापूरचा दवाखाना जवळ आला तशी ती हळूच म्हणाली, "टाकं पडतील न्हवं गं?"

मी म्हटलं, "भिऊ नको. सुई देऊन बधिर करतात, दुखत नाही."

"भ्यायला काय झालंय? पडू देत म्हणतोय मी." मग जरा वेळानं म्हणाली, "टाकं पडलं तर आक्काला बघून यीन."

माझं रडू जागच्या जागी थांबलं. कपाळ फुटलेल्या बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा आशा बघितली, आणि तिथून पुढं मीही देवाला टाकेच मागायला लागले.

डॉक्टर तरुण होते, विलायतेहून नुकतेच शिकून आलेले, हिंडलग्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांनी आधी तंबाखू काढली आणि तोंडाचा पट्टा सोडला. "ही काय जखमेला लावायची वस्तू आहे? आणखी काय काय लावता तुम्ही लोक? कोळ्याची जाळी? विडीचा कागद?" आई म्हणाली, "मिळालं आसतं तर लावलं आसतं." डॉक्टर हसले. जखम धुऊन, वाकून बघितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "नशीबवान आहात बाई. सरळ कापलंय, कडा स्वच्छ आहेत. टाक्यांची गरजच नाही."

आईचा चेहरा पडला.

"टाकं घाला की, डाक्टर."

"अहो, टाक्यापेक्षा चांगलं आहे माझ्याकडं." नर्सनं फ्रीजमधून एक इवलीशी निळी कुपी आणली. डॉक्टरांनी ती उजेडात धरून मला दाखवली, नवरदेवानं अंगठी दाखवावी तशी. "हा डिंक आहे. माणसाची कातडी चिकटवायचा. तिकडं लढाईत सैनिकांना लावतात. बेळगावात आणखी कुणाकडं नाही."

"ते ऱ्हाऊ द्या सैनिकांला. मला दोरा चालंल."

"व्रण राहील बाई टाक्यांचा. याचा काही म्हणता काही राहत नाही."

"माझ्या तोंडाकडं बघतंय कोण? घाला म्हणतोय न्हवं. बधिराची सुई बी नको. तशीच घाला."

मला तिथं मधे पडायला पाहिजे होतं. पडलेही. म्हटलं, "डॉक्टर, एक-दोन तरी घाला." डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की शिकलेल्या बाईनं तरी असं बोलू नये. या भागातला पहिला डिंक लावायला त्यांना पहिलं कपाळ मिळालं होतं, ते सोडतील कसे? त्यांनी चिमटीत कडा जुळवल्या आणि थेंब थेंब सोडला. उग्र वास सुटला. आई म्हणाली, "गरम लागतंय." डॉक्टर म्हणाले, "लागणारच." चिमूट सोडली, तर जखम मिटलेली. जागेवर बारीक चकचकीत रेघ. नर्सला बोलावून दाखवली, बाहेरच्या दोन पेशंटना दाखवली. मी म्हटलं, "पट्टी तरी बांधा." म्हणाले, "पट्टी कशाला? आठवडाभरात पापुद्रा आपोआप गळून पडेल. उद्यापासून सगळी कामं करा, बिनधास्त."

बिनधास्त! मला त्या माणसाचा इतका संताप आला की पायरी उतरताना मी चप्पल उलटीच घातली.

घरी गल्ली जमलेली. बायका पुढं आल्या, बघितलं, आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. "टाकं किती?" "न्हाईत." "एक बी न्हाय?" "डिंकानं चिकटवलंय." एक जण वाटीत शिरा घेऊन आली होती. तिनं वाटी दिली, पण जड मनानं. आप्पा खूश झाले. "लई हुशार डाक्टर. आम्ही सूत चिकटवतो, ह्यो माणसं चिकटवतोय." आत्यानं चष्मा लावून कपाळ नीट बघितलं आणि निकाल दिला, "टाकं न्हाईत म्हणजे वरवरचंच हाय. द्येवानं राखलं." संध्याकाळी आई रहाटावर बसली. डोकं ठणकत होतं तिचं, मला दिसत होतं. मी भांडले, आवाज चढवला, भाकरी फेकली. आत्या म्हणाली, "बघा तोंड कसं चालतंय. हिला लावाय पाहिजे तो डिंक."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी आत्या अंगणात खळ शिजवत बसली होती. खळ म्हणजे सुताला ताठ करायची पिठाची पेज. पॉवरलूमला तयार ताणा यायचा, तरी चुलत घरातल्या हातमागासाठी खळ शिजवायचा मान आत्याकडंच होता. तरुणपणी सगळ्या गल्लीची पाजणी तिच्या हाताखालून गेलेली. रस्त्यात ताणा पसरून त्याला खळ पाजायची, कुंच्यानं सारखी करायची, उन्हात वाळवायची. खळीबद्दल आत्याशी वाद घालणारा माणूस वडगावात जन्मला नव्हता.

आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "वन्सं, वली हवा लागली की खळ सुटती न्हवं?"

"सुटतीच की. मऊ पडतीया."

"आन् लई वाळली तर?"

"तडकती. धाग्याचा भुगा." आत्या लाकडी डावानं ढवळत होती. "आन् मागाचा हादरा बसला की झडती. म्हणून तर..."

तिचा डाव थांबला. तिनं मान वळवून आईच्या कपाळाकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. माझ्याकडं तर तिनं मुद्दाम बघितलं नाही, त्यावरून मला कळलं.

"डाक्टर कसली खळ म्हणाला?"

"डिंक म्हणाला. कसला कुणाला ठावं."

आत्यानं चूल विझवली. पुढचं सगळं तिच्या तोंडून आलं, आईला एक शब्द बोलावा लागला नाही. दोऱ्याचा भरवसा देता येतो, दोरा दिसतो, मोजता येतो. डिंकाचं काय? वाफेत मऊ पडला म्हणजे? मागाच्या हादऱ्यानं उकलला म्हणजे? कपाळ उघडं पडलं तर गल्ली म्हणेल, नणंदेनं राबवून मारली. "आरं," तिनं आप्पांना हाक मारली, "हिला आधी ह्या हादऱ्यातनं बाहीर काढ. माग चालू आसतोवर हिनं ह्या घरात ऱ्हायाचं न्हाय." आप्पा म्हणाले, "डाक्टर तर म्हणाला बिनधास्त..." "डाक्टरानं कवा खळ लावलीया?" आप्पांनी खुंटीवरची पिशवी काढून आईपुढं ठेवली. विलायतेचं सगळं शिक्षण आमच्या अंगणात एका डावापुढं पडलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या पाया पडायच्या बेतात आले.

"डिंक वाळेपर्यंत ऱ्हा तिकडं," आत्या आईला म्हणाली. "पुरता वाळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आईला घेऊन गेले. बस सोडल्यावर बरंच चालायचं होतं. आई माझ्या पुढं चालत होती, जवळजवळ पळतच, कपाळावरून पदर घट्ट ओढून. दार उघडंच होतं. मावशी कोपऱ्यात घोंगडीवर होती. एवढीशी झालेली. डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं. आई जवळ बसली तशी तिनं हात पुढं केला, आईच्या गालावरून, नाकावरून फिरवला, आणि म्हणाली, "आलीस व्हय गं."

आई जी रडायला लागली ती थांबेना. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. मलाही आवरत नव्हतं, आणि मला कुणासमोर रडायला आवडत नाही.

आतून मावशीचा आवाज आला. "हे काय लागलं कपाळाला?"

"टाकं पडल्यात आक्का."

"हाताला लागंनात."

"बारीक हाईत. नव्या तऱ्हेचं."

"मग किती दिस ऱ्हाशील?"

"टाकं काढेपातूर."

मावशी म्हणाली, "मग काढू नगो."

मी परत आले आणि कांड्या भरायला लागले. सैल तर सैल. आत्यानं एकदोनदा कांडी बोटानं दाबून बघितली आणि तशीच ठेवून दिली. रविवारी तिनं मला पाठवलं, डिंक बघून ये म्हणून. गेले तर आई मावशीला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. तिच्या कपाळाला फडकं बांधलेलं होतं. मी म्हटलं, "दाखव." तिनं फडकं वर केलं. पापुद्रा कधीच गळून पडला होता. खाली एक फिकट गुलाबी रेघ, तीसुद्धा शोधावी लागत होती. आईनं फडकं परत खाली घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

घरी येऊन मी आत्याला सांगितलं, "अजून ओला आहे."

"अजून?"

"हाताला चिकटतोय."

आत्यानं तोंड वाकडं केलं. "पिठाचं परमाण चुकलं आसणार. मी तवाच म्हणलं होतं, खळ पातळ लावलीया." खोटं बोलल्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. उलट पुढच्या रविवारी मी आणखी रंगवून सांगितलं.

मावशी गेली ती आईच्या मांडीवरच. पाणी आईनं पाजलं. निरोप आला तसे आप्पा माग बंद करून निघाले. लग्नसराईत, बीम अर्धं असताना, कुणाला न विचारता. मी बरोबर होते. सगळं उरकल्यावर माणसं पांगली आणि आई अंघोळ करून ओल्या केसांनी ओट्यावर येऊन बसली. फडकं नव्हतं. आप्पा समोर उभे होते. त्यांनी तिच्या स्वच्छ कपाळाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. आता काय बोलतात म्हणून मी भांडणाची तयारीच करून बसले होते.

आप्पा म्हणाले, "तेरावं करून ये. तिला सांगतो मी, अजून वाळला न्हाय म्हणून."

माझ्या माहितीत आप्पा आपल्या बहिणीशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, ते हे.

ते डॉक्टर पुढं फार मोठे झाले. बेळगावात सगळीकडं तो डिंक आला, आणि टाके नाहीत म्हणजे दुखणं नाही, असं म्हणणारी आत्याही गेली. माग विकले. आई माझ्याकडं राहायला आली, कारण माझं लग्न शेवटपर्यंत जमलं नाही आणि त्याचा तिला म्हातारपणी फायदा झाला. दुपारी भांडी आवरून ती आरसा घेऊन खिडकीशी बसायची आणि डाव्या भुवईवरून बोट फिरवायची. एकदा मला हाक मारून म्हणाली, "बघ गं, हितंच लागलं होतं न्हवं?"

मी चष्मा लावून बघितलं. काही नव्हतं. सुरकुत्या होत्या, त्या सगळ्यांना असतात. डॉक्टर शब्दाला जागले होते. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी मिळवलेले तेवढेच दिवस, आणि त्यांचा ओरखडासुद्धा राहिला नव्हता.

"इथंच होतं," मी बोट ठेवून म्हटलं.

तिनं माझं बोट तिथं तसंच दाबून धरलं. "म्हणलं होतं मी त्याला," ती म्हणाली, "दोऱ्यानं शीव म्हणून."